उद्या पंचेचाळीस

सेतू गेला त्या सकाळी मी त्याच्याच कॉफीचं डिकॉक्शन काढत होते. हाक मारली, ओ आली नाही... त्याला महिना होऊन गेला. अजूनही फिल्टरमध्ये दोघांची पूड घालते आणि मग स्वतःवरच चिडते.

सेतू माझा धाकटा भाऊ. कुंभकोणमच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत तो मुलांना जावास्क्रिप्ट, म्हणजे संगणकाची एक भाषा, शिकवायचा. आपला नेहमीचा आकडा दोनाच्या पद्धतीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकात लिहायचा, तर त्या भाषेत toString(2) म्हटलं की भागतं. पण हा महाहट्टी. आधी हातानं करा म्हणायचा. दोनानं भागत जा, बाकी एकाखाली एक मांडा आणि शेवटी खालून वर वाचा. मुलं हटकून वरून खाली वाचायची. मग हा तमिळमध्ये असा ओरडायचा की समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची.

मग त्याच्या मेंदूत गाठ निघाली. डोकं कुठवर साथ देतंय ते पाहायला त्यानं स्वतःच परीक्षा ठरवली. रोज संध्याकाळी मी एक आकडा सांगायचा, त्यानं कॉटवरून वाकून लाल फरशीवर खडूनं उत्तर काढायचं आणि लॅपटॉपशी ताडून पाहायचं. चुकलं, की शिकवणं बंद.

एकदा मी सव्वीस सांगितले. त्यानं लिहिलं 01011. लॅपटॉप म्हणाला 11010. बाकी त्यानं वरून खाली वाचली होती. त्यानं लॅपटॉप मिटला. मग घरातल्या आमच्या जुनाट तंजावरी मराठीत म्हणाला, "अक्का, पोरांस सांग, उद्यांपासून येऊं नका." मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

शिकवणं थांबलं, संध्याकाळची परीक्षा मात्र चालूच राहिली, आणि मी आकडे निवडून सांगू लागले. नऊ, सत्तावीस, एकवीस... कुठूनही वाचा, उत्तर तेच. त्याचं बरोबर यायचं, मी शाबास म्हणायचे. वाटायचं, खपलं. शेवटच्या संध्याकाळी एकवीसचं उत्तर लिहून त्यानं खडू ठेवला.

"तुजजवळचे आंकडे सरत आले असतील, अक्का. उद्यां पंचेचाळीस विचार."

तेराव्यानंतर मी लॅपटॉपवर पंचेचाळीस घालून पाहिले. 101101. दोन्हीकडून सारखेच. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, आणि माझी लबाडी तोच पुढे चालवत होता.

फरशी रोज पुसते मी, कॉटजवळचा तेवढा तुकडा सोडून. तिथे त्याच्या हातचं 10101 आहे. खाली पंचेचाळीसची जागा मोकळी आहे.