पट्ट्या सोड

आत्याच्या अकराच्या अकरा कलमांच्या पट्ट्या मी सोडल्या. वर त्या नीट गुंडाळून खिशात ठेवल्या, म्हणजे आपला कामसूपणा दिसावा.

बाहेर पडताना ती म्हणाली होती, "त्या पट्ट्या सोड, बाकीच्यांना पाणी घाल." म्हणजे, पट्ट्यांचा नाद सोड. मला शाळेत मराठीत कायम सत्तरच्या वर मार्क, त्यामुळे मी दुसरा अर्थ काढला.

आत्या घरामागे रोपं करून विकते. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, लावलेला पेरू त्याच्या आदल्या आठवड्यात वादळात आडवा झाला होता. काका जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पानं सुकायच्या आत तिनं फांद्यांच्या काड्या कापून लहान रोपांवर बांधल्या. जोड धरेपर्यंत प्लास्टिकची पट्टी घट्ट लागते. आणि मूळ झाडाचं तर एव्हाना सरपण झालेलं.

आल्यावर तिनं कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्या फुगलेल्या खिशाकडे.

"यांनाही पाणी घातलंस?"

"घातलं."

"जोडावरून?"

मी खिशातल्या पट्ट्या काढून तिच्यापुढे धरल्या.

"बस खाली. धर ही."

एकेक काडी ती पुन्हा बांधू लागली. बांधून झाली की त्या काडीलाच हळूच म्हणे, "उपकार गं तुझे."

"आत्या, जगल्यावर म्हण ना."

"जगल्यावर कुणीही म्हणेल. बांधणारी मी, धरवणारा तो." तिनं मान खाली, मातीकडे हलवली. आत्याचा देव कायम खालच्या अंगाला असतो.

"आणि मला शिव्या कधी?"

"तुझ्या बापाला मीच वाढवलंय. सवय आहे."

मग रोज सकाळी ती प्रत्येक कुंडीशी थांबे, बोटानं माती चाचपे आणि तेच म्हणे. मागे मी झारी घेऊन, मान खाली घालून. दहाव्या दिवसापासून काड्या काळ्या पडायला लागल्या. तिचा आवाज बारीक झाला, पण एकही कुंडी तिनं गाळली नाही.

विसाव्या दिवशी एका काडीवर तांदळाएवढा हिरवा ठिपका दिसला. आत्या ओल्या मातीतच बसली. माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. पानांवरून ऊन उतरत होतं. मी देवाला फक्त निकालाच्या दिवशी ओळखणारा माणूस. पण त्या ठिपक्यासमोर माझेही हात आपोआप जुळले.

शेवटी तीन जगल्या. वाळलेल्या आठांपाशीही आत्या गेली. "जमेल तितकं धरून राहिल्या बिचाऱ्या," म्हणाली, आणि आठही जणींचे उपकार मानले. मग माझ्याकडे वळली. "तू मानायचे राहिलेत. सवडीनं मान."

सात जणींचे मानून झाले. आठवी सगळ्यांत टपोरी होती. मी पट्टी सोडली तेव्हा तिचा कोंबाचा डोळा फुगलेला होता, मला आठवतं. तिच्यापाशी गेलो की माफी आधी की उपकार आधी, तेच ठरत नाही. आत्या विचारत नाही. कुंडी मात्र तिनं अजून रिकामी केलेली नाही.