चहा पाण्यात धरायचा

कुणाच्याही ओट्यावर चहाचा कप हातात आला की मोठ्या मॅडम आधी कपात डोकावून बघायच्या, विहिरीला पाणी किती आहे ते बघावं तसं. मग माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "हा पाण्यात धर गं."

म्हणजे माणसाने दिवसभरात जेवढं पाणी प्यायला हवं, त्यात हा कप मोजायचा. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. पाण्याची बाटली समोर ठेवलीत तर ती तुमच्याकडेच सरकवतील आणि "आत्ताच चहा झाला" म्हणतील.

मी तेव्हा नुकतीच कृषी सहायक म्हणून लागले होते. ऑफिस इंदापुरात, घर बारामतीत. मोठ्या मॅडम त्याच ऑफिसात केस पिकवलेल्या. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आमची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. त्या मोठ्या मॅडम आणि मी छोट्या मॅडम, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. त्या मूळच्या लोणी भापकरच्या, आणि साहेबांसमोरसुद्धा त्यांचं बोलणं तिथलंच राहायचं. माझे वडील बँकेत, मी बारामती शहरात वाढलेली. माझ्याकडे शेतीची पदवी होती आणि शेताची ओळख सहलीपुरती.

पण माझ्याकडे एक बाटली होती. दोन लिटरची, निळी, अंगावर तासातासाच्या रेघा असलेली. जोडीला मोबाइलमध्ये एक अ‍ॅप. ठरल्या वेळी त्यातून पाण्याचा थेंब पडल्यासारखा आवाज यायचा आणि मी जिथे असेन तिथे घोट घ्यायचे. स्कूटरवर मॅडमच्या मागे बसून मी त्यांना शास्त्र समजावून सांगायचे.

"मॅडम, चहा पाण्यात धरत नाहीत. चहातलं कॅफीन शरीरातलं पाणी उलट बाहेर काढतं. चहा प्यायलात तर त्याच्या बदल्यात जास्तीचं पाणी प्यायला हवं."

"व्हय का?" त्या म्हणायच्या आणि गिअर नसलेली ती स्कूटर उगाच जोरात रेटायच्या.

माझं हे शास्त्र शेळगावच्या पहिल्याच फेरीत उघडं पडलं. उन्हाळा होता. डाळिंबाच्या बागा बघायच्या होत्या. मी बाटलीच्या रेघेबरहुकूम पाणी प्यायलेली. दुपारपर्यंत तिसरी बाग झाली आणि माझं डाळिंबावरचं लक्ष उडालं. शेतकरी तेल्या रोगाचे डाग दाखवत होता आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यात खिशातला मोबाइल थेंबाचा आवाज करत होता.

विचारायचं कसं? समोर चार पुरुष, त्यांच्यासाठी मी सरकारी अधिकारी. शेवटी परतीच्या वाटेवर, एका गतिरोधकानंतर, मी मॅडमच्या खांद्याला घट्ट धरलं. त्यांनी काही न विचारता स्कूटर उसाच्या कडेला घेतली.

मी उसात शिरले. पाचट करकर वाजलं आणि बांधावरून कुणीतरी ओरडलं, "कोण हाय रं तितं? डुकरं शिरली काय?"

"मी हाय, तात्या!" मॅडमचा आवाज आला. "मोठी मॅडम! हुमणी लागलीया का बघायला थांबले!"

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. तिचं नाव काढलं की या भागातला माणूस जेवणावरून उठतो. तात्या पळतच आले. "हुमणी? माझ्या उसात? कुठं दिसली?"

"हितं न्हाय, त्या टोकाला बघा. छोट्या मॅडम हिकडची बाजू बघत्यात. तुमी त्या टोकापास्नं उकरत या."

तात्यांनी खरंच त्या टोकापासून खुरप्याने उकरायला सुरुवात केली. मी बाहेर आले तेव्हा हाताला पातीचे ओरखडे, केसांत पाचट. तात्या घामाघूम होऊन विचारत होते, "मॅडम, न्हाय सापडली. तुमाला?"

"नाही," मी म्हणाले. नोकरीतला माझा तो पहिला अधिकृत अभिप्राय.

तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी घरी नेऊन चहा पाजला. मॅडमनी कपात डोकावून बघितलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. मग स्कूटरजवळ आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "पाणी घरी प्यायचं. सकाळी निघताना एक घोट आणि सांजच्याला परत गेल्यावर. मधी चहा. कप केवढुसा असतो, त्यानं काय होत न्हाय. आणि कुणी विचारलं तर पाण्यात धरायचा. मी अशीच नोकरी काढली."

मी त्यांना आणखी शास्त्र सांगायला हवं होतं. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

पुढे ती बाटली नुसतीच माझ्याबरोबर फिरायची, खांद्याला अडकवलेली, भरलेली. अ‍ॅपला वाईट वाटू नये म्हणून थेंब वाजला की मी 'प्यायले' असं बटण दाबायचे. संध्याकाळी बाटलीतलं पाणी घरच्या तुळशीला जायचं. अ‍ॅपच्या मते मी तालुक्यातली सर्वांत निरोगी बाई होते. आमची तुळस मात्र खरंच जोमात होती.

मॅडमचा दिवस मी पाहत होते. ओठ सुकलेले, त्यावरून पदर फिरवायच्या. बसायला खाट दिली तर भिंतीला पाठ टेकायच्या. "पाठ भरून आलीया," म्हणायच्या. "स्कूटरनं." त्या तसं म्हणायच्या म्हणून मीही स्कूटरलाच दोष द्यायचे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एका बागेत शेतकऱ्यांची बैठक होती. मॅडम ठिबकच्या पाण्याबद्दल बोलत होत्या. झाडाला पाणी थोडं थोडं पण रोज मिळालं पाहिजे, ताण बसला की फळ तडकतं, असं काहीतरी. बोलता बोलता त्या खाली बसल्या. लोकांना वाटलं, मुळं दाखवायला बसल्या. त्यांनी कमरेवर हात दाबला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मी खांद्याची बाटली काढली. इतक्या महिन्यांत त्या बाटलीचा पहिल्यांदाच उपयोग होत होता आणि माझ्या हाताने ते घट्ट लावलेलं झाकण उघडेना. शेवटी एका शेतकऱ्याने उघडून दिलं.

त्याच्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मूतखडा होता, खाली सरकून अडकलेला, वर ताप. दुर्बिणीने काढावा लागणार होता. डॉक्टर तरुण, माझ्याच वयाचे असतील. कळ जरा उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"चहा पिते की," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात धरायचा."

मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता माझ्या शास्त्राला साक्षीदार मिळाला. "डॉक्टर, मी यांना कितीदा सांगितलं, चहा पाण्यात धरत नाहीत. त्याने उलट शरीर सुकतं—"

"नाही नाही, धरतात," डॉक्टर म्हणाले. "रोजच्या सवयीच्या चहाने कुणी सुकत नाही. चहा बहुतेक पाणीच असतो. थोडी लघवी वाढत असेल, पण प्यायलेलं सगळं निघून जात नाही."

मॅडमनी सलाइन लावलेला हात जरासा उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. त्या तापातसुद्धा त्यांना हसू आवरत नव्हतं. एवढ्या वर्षांचं शिक्षण, निळी बाटली आणि स्कूटरवरची सगळी व्याख्यानं एका वाक्यात निकालात निघाली.

"पण तुमचा कप केवढा असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मॅडमनी अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं.

"एवढ्याशा कपांवर दिवस काढायचा तर लोकांच्या घरी नुसतं चहाच पीत बसावं लागेल. आणि साखर किती जाईल पोटात? चहा प्या. पण पाणी का पीत नाही?"

"तहान लागत न्हाय."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. डॉक्टर कागदावर लिहू लागले. आणि मी, जिला शेतकऱ्यासमोर एक शब्द विचारता येत नव्हता, ती एकदम मोठ्याने म्हणाले, "जायला जागा नसते म्हणून. आम्ही दोघीही पीत नाही."

पडद्यापलीकडच्या खाटेवरचे आजोबा खोकायचे थांबले. डॉक्टरांचं पेन थांबलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले, लाजेने की थकव्याने, कळलं नाही. मग त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "व्हय. तसंच हाय ते."

सुट्टी संपवून त्या परत आल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या. आमची पहिली फेरी शेळगावच्याच एका डाळिंबवाल्याकडे. माणूस सधन, घर नवं. खाटेवर बसताच वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहाचं विचारायला आली. मॅडम म्हणाल्या, "वहिनी, चहाच्या आधी एक विचारू का?"

"बागेचं का? मग ह्यांना बोलवते."

"न्हाय. बाथरूमचं. कुठं हाय?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. वहिनी गोरीमोरी झाली. "हाय की. घरामागं हाय. पण…"

ते 'पण' आम्ही जाऊन पाहिलं. फरशी बसवलेला नीटनेटका संडास, आणि आत छतापर्यंत ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप. सासूबाई मागून आल्या. "आमी शेताकडं जातो बाई, पहाटं. ह्यो सामानाला बरा पडतो."

घरधनी संकोचून म्हणाला, "मॅडम, सांगून आला असता तर रिकामा केला असता."

"आता करा," मॅडम म्हणाल्या. "आमी बसतो."

आणि त्या खरंच अंगणात खाट ओढून बसल्या. तो माणूस आणि त्याचा गडी नळ्या ओढून काढत होते. एक वेटोळं सुटून अंगणभर पसरलं, कोंबड्या ओरडत पळाल्या. वहिनीने पाण्याच्या बादल्या नेल्या, खराट्याने घासलं. तिचा चेहरा आता गोरामोरा नव्हता. ती गोण्या नवऱ्यापेक्षा जोरात ओढत होती.

मॅडम जाऊन आल्या. मग मी गेले. मग मॅडमनी प्यायला पाण्याचा तांब्या मागितला आणि सगळ्यांच्या देखत पुरा रिकामा केला. चहा नंतर आला. निघताना वहिनी स्कूटरपर्यंत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता परत न्हाय भरू देणार मी त्यात काय. सामानाला शेड बांधू दे त्यांना."

त्यानंतर मॅडम प्रत्येक घरी विचारायच्या. मला ते कधी जमलं नाही. एकदा एकटी गेले तेव्हा मी मोठ्या धैर्याने म्हणाले, "जरा हात धुवायचे होते." घरच्यांनी मला अंगणातल्या नळाकडे नेलं, वर टॉवेल धरून उभे राहिले. मी स्वच्छ हात घेऊन तळमळत परत आले. बरोबर असलो की मॅडम सरळ सांगायच्या, "हिला जायचंय." मला जायचं नसलं तरी जावं लागायचं.

सगळीकडे स्वागत झालं असं नाही. एका मोठ्या घरात मालक म्हणाला, "आमच्यात भायेरच्यांना न्हाय आत सोडत." मॅडम उठल्या. "मग चहाबी नको," म्हणाल्या आणि चप्पल घालू लागल्या. आत स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास येत होता. पण बाकीच्या घरांत बातमी आमच्या आधी पोचायला लागली. मॅडम आल्या की भर ओट्यावर, दहा पुरुषांत, कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, आधी तिकडं जाऊन येता का? मोकळं केलंय!" मला धरणी दुभंगेल तर बरं असं व्हायचं. मॅडम पदर सावरून, सभेला निघाल्यासारख्या जायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि बंगळुरूला मुलीकडे गेल्या. बारामतीतलं त्यांचं घर भाड्याने दिलं. आता मी एकटीच फिरते. लोक मला अजून छोट्या मॅडमच म्हणतात. मीही त्यांना 'मोठ्या मॅडम' म्हणू देत नाही.

मध्यंतरी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दुपार होती. मोबाइल हातात धरून त्यांनी मला सगळं घर दाखवलं. "हे बघ एक बाथरूम. हे दुसरं. आणि हे माझ्या खोलीतलं. तीन हायत गं, तीन! माणसं साडेतीन, आणि ती दिवसभर भायेर."

"मग पाणी पिता ना आता भरपूर?"

"पिते की. मशीनचं पाणी, चवच न्हाय." त्या जरा थांबल्या. "चहा एकटीचाच करते. हितं कुणी 'आत या' म्हणतच न्हाय बघ. समोरच्या दारावर नावाची पाटी हाय, माणूस अजून दिसला न्हाय मला."

तेवढ्यात त्यांच्याकडे बेल वाजली. "थांब, कुणीतरी आलंय," म्हणत त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. मला फक्त छत आणि फिरणारा पंखा दिसत होता.

दार उघडल्याचा आवाज आला. एका माणसाचा आवाज, धापा टाकत, मुलीचं नाव घेत. सामान पोचवायला आलेला असावा. मग पिशव्यांची सळसळ. मग मॅडमचा आवाज, लोणी भापकरच्या हिंदीत, "भैया, इतने धूप में फिरता हाय. पानी पिएगा?"

तो काहीतरी नको-नको म्हणाला.

"अरे, आत आओ. मैं बी फिरी हाय तुम्हारे जैसी. बाथरूम जाना हाय तो जाओ पहले. लाजने का न्हाय."

पंखा फिरत होता. मग दारात कुणीतरी वाकून बुटांच्या पट्ट्या सोडत असल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आत, गॅसवर, चहाचं भांडं ठेवल्याचा.