नत्थुजींनी पुकारलेली नोंदवही

नत्थुजींच्या हातात माईक आला की भलेभले आपला आहेर पुन्हा एकदा उलटून-पालटून पाहायचे. अकोल्याच्या आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत लग्नातला आहेर पुकारायला त्यांनाच बोलावणं असायचं. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं आणि नियम एकच: वहीत लिहिलंय तेच वाचायचं. एकदा नवरदेवाच्या मामानं परात आणली, तिला एका बाजूनं पोचा. नत्थुजींनी तसं वहीत लिहिलं आणि भर मांडवात पुकारलं, "मामाकडूऽऽन एक परात, पोचा गेलेली!" मामा तीन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. पण त्या गावात पुन्हा पोचा गेलेलं भांडं आहेरात आलं नाही, हेही तितकंच खरं.

ही झाली हौस. पोटासाठी नत्थुजी एमआयडीसीत कुंदनशेठच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कारखान्यात बनायचं संत्री धुवायचं औषध. संत्र्यावर काळी कोळशी चढते ना, ती काढायला. कॅन भरभरून माल वरूडकडे जायचा. तिथल्या शेडमध्ये बाया त्यात संत्री बुडवायच्या, पुसायच्या, पेटीत भरायच्या. शेंदूरजनाघाटच्या अशाच एका शेडमध्ये नत्थुजींची धाकटी बहीण माणिकबाई कामाला होती.

स्टोअरमध्ये नत्थुजींनी आपल्या मनानं एक नोंदवही ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण या माणसाला लिहिल्याशिवाय घास उतरत नसे, त्याला कोण काय करणार? औषधानं कुणाला काय झालं ते सगळं त्यात. बहुतेक नोंदी देवमन हमालाच्या, कारण देवमनला प्रत्येक गोष्ट करून पाहायची खोड. 'देवमनच्या डोळ्यात उडालं. दोन दिवस पाणी थांबलं नाही. शेजारी विचारायला आले, घरात कोण गेलं.' 'देवमननं उरलेल्या औषधानं मोटारसायकल धुतली. रंग गेला. टाकीवरचं सासऱ्याचं नावही गेलं. सासरा नाराज.'

आणि दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली एक: 'देवमननं गरम पाण्यात औषध टाकून हात धुतले. वाफेनं ठसका, हाताला फोड. थंड पाण्यात असं होत नाही.'

ही नोंद नत्थुजींनी शेठला दाखवली. कॅनवर दोन ओळी छापू म्हणाले. कुंदनशेठनं वही मिटली. "नत्थुजी, हे घरातली गोष्ट हाय. घरातली गोष्ट मांडवात नेत नसतात." झालं. वही कपाटात गेली.

आता डिसेंबरात शेडमधल्या बाया काय करतात? बोटं गारठली की चुलीवर पाणी तापवतात आणि त्यातच औषध ओततात. माणिकबाईची बोटं दोन हिवाळे सोलत होती. नत्थुजी दर खेपेला खोबरेल तेलाची बाटली घेऊन जायचे आणि म्हणायचे, "माणिक, हातमोजे घालत जाय व."

"हातमोजे घालून कोनी संत्रं पुसते काय, दादा? मी काय डॉक्टरीण हाओ?" ती हसायची.

नत्थुजी तेलाची बाटली पुढे सरकवायचे. इथं माणसानं पुढचं वाक्य बोलायला हवं होतं की नाही? बोलायलाच हवं होतं! पण रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते, शेठनं नंतरही ठेवून घेतो म्हटलं होतं, आणि खाल्ल्या मिठाला जागायचं असतं हे नत्थुजींच्या हाडीमाशी मुरलेलं.

त्याच्या वर्षभर आधी अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत प्रियदर्शनी मॅडम नव्यानं आल्या होत्या. वय कमी, उमेद फार. त्यांनी सगळ्या कारखान्यांना पत्र धाडलं: नोटीस नाही, दंड नाही, तुमच्या मालापासून काय धोका आहे आणि तुमच्याकडे काय घडलं, ते आपणहून कळवा, आम्ही ते दवाखान्यांपर्यंत पोचवू. वर्षभरात एकच फॉर्म परत आला. त्यात सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहिलेलं होतं, कंपनीच्या नावाच्या रकान्यातसुद्धा.

"आपणहून सांगा म्हणते!" कुंदनशेठ पोट धरून हसले. "म्हंजे चोराले म्हणाचं, बाप्पा, तूच चौकीत ये, चहा पाजतो."

शेवटी मॅडमनी सगळ्यांना राजापेठेत बैठकीला बोलावलं. कचेरीच्या हॉलची दुरुस्ती चालू, म्हणून जागा मंगल कार्यालयाची. शेठनं फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, वरपासून खालपर्यंत निरंक, आणि नत्थुजींकडे दिला. "तुमी जा. फॉर्म वाचा, जेवा आन् या. ते तुमचं कपाटातलं जाडं रजिस्टरबी संगं न्या. उघडू नका, नुसतं दिसू द्या. वजन पडते."

त्या दिवशी सकाळी अमरावतीच्या एसटीत बसता बसता माणिकबाईचा फोन आला.

"दादा, उजव्या हाताची तीन बोटं सुजली रे. घास तोडता येत नाही. नात चारून राहिली मले, खुशी. डॉक्टर म्हणते, त्या औषधात काय हाय ते सांगा, मंग इलाज करतो. शेडवाल्याले विचारलं त त्याले काईच मालूम नाही. कॅनवर नुसतं संत्र्याचं चित्र हाय."

"पाहतो," नत्थुजी म्हणाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. चार वर्षांची पोर आजीला घास भरवते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

मंगल कार्यालयात आदल्या दिवशीचं लग्न अजून उतरलं नव्हतं. मॅडमच्या डोक्यामागे थर्माकोलची अक्षरं चमकत होती: 'शिवम वेड्स आकांक्षा'. भटारखान्यातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि सगळ्यांचं चित्त तिकडेच. एकेक कंपनीवाला वर जायचा, माईकवर "निरंक" म्हणायचा आणि खाली येऊन घड्याळ पाहायचा. सातव्या निरंकाला मॅडमनी पेन खाली ठेवलं. बिचारीचा चेहरा पडला होता.

नत्थुजींचा नंबर आला. डाव्या हातात शेठचा फॉर्म, काखेत नोंदवही. "अपघात: निर..." एवढं म्हणाले आणि थांबले. तीस वर्षांत त्यांनी वहीत एक आणि तोंडात एक असं कधी केलं नव्हतं. पुन्हा प्रयत्न केला. "निर..." छे! शब्द काही निघेना. पोरीच्या हातातला घास डोळ्यांपुढून हलेना.

"मॅडम," नत्थुजी म्हणाले, "हा कागद शेठनं लिहेल हाय. हे वही म्या लिहेल हाय. मी माह्या हातचं वाचतो."

आणि वही उघडली. आता समोर मांडव, मागे थर्माकोलची अक्षरं, हातात माईक. माणूस आपोआप आहेराच्या चालीत गेला. "कुंदनशेठच्या कारखान्याकडूऽऽन, देवमनच्या डोळ्यात औषध, एक वेळ!" हॉलमध्ये हशा पिकला. "मोटारसायकलचा रंग गेला, सासऱ्याच्या नावासकट!" भटारखान्यातले आचारी झारे हातात घेऊन दाराशी आले. मग गरम पाण्याची नोंद आली, आणि तिला कुणी हसलं नाही. नत्थुजींनी ती दोनदा वाचली. कारखान्यात येणाऱ्या रसायनांच्या ड्रमांवरची नावं ते वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवत, तीही एकेक करून वाचली. शेवटी माणिकबाईच्या डॉक्टरचा पत्ता सांगून म्हणाले, "मॅडम, याले आत्ताच्या आत्ता फोन करा." मॅडमनी तिथंच, स्टेजवर उभ्या राहून फोन लावला.

पुढे जे झालं ते कुठल्याही लग्नात होतं तेच. एकाचा आहेर मोठ्यानं पुकारला की दुसऱ्या सोयऱ्याला रिकाम्या हातानं बसवत नाही. मागच्या रांगेतले श्यामराव उठले. "आमचंबी लिहून घ्या. मांगच्या साली टाकी गळली होती, विहिरीजवळ." दुसरा म्हणाला, "त्याईची एक टाकी, आमच्या दोन!" लोक माईकसाठी भांडू लागले. फॉर्म संपले, मॅडम कालच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागल्या. वांग्याची भाजी थंड झाली तरी कोणी उठेना.

दुसऱ्या दिवशी कुंदनशेठनं नत्थुजींची चामडी लोळवायचीच बाकी ठेवली. "मिठाले जागले नाही! आठ महिने कायले, आजच जा!" नत्थुजींनी डबा उचलला, चपला घातल्या. ते फाटकापर्यंत पोचले असतील-नसतील, तोच वरूडच्या मोठ्या व्यापाऱ्याचा शेठला फोन आला. "बैठकीतलं कानावर आलं. बाकीच्यांचा माल वापस करून राहिलो. खरं सांगणारा तूच पहिला निघाला. कॅनवर सूचना छाप आन् गाडी पाठव." शेठ अनवाणी फाटकाकडे धावले आणि नत्थुजींना हाताला धरून परत आत घेऊन आले. संध्याकाळपर्यंत ते ज्याला त्याला सांगत होते, "अरे, मीच त पाठोलं होतं नत्थुजीले!" निर्लज्जपणालाही काही सीमा असते म्हणतात, ती आम्हाला अजून दिसलेली नाही.

रविवारी नत्थुजी शेंदूरजनाघाटला गेले. गल्लीतल्या बाया दारात येऊन पाहत होत्या. "माणिकबाई, तुमचा भाऊ लय हिमतीचा व!" माणिकबाईच्या हाताला पट्टी होती, पण सूज उतरली होती. डॉक्टरनं औषध बदललं होतं आणि शेडमधली चूलही बंद झाली होती. तिनं डाव्या हातानं चहा आणून ठेवला आणि भावासमोर बसली.

"दादा, त्या नोंदीले दोन वर्सं झाले म्हंते."

"हाव."

"मंग तू मले हातमोजे घाल म्हने, तवा तुले मालूम होतं?"

नत्थुजींनी मान खाली घातली. "हाव."

"सरकारनं बलावलं त सांगतलंस. बहिणीले आपणहून सांगाले काय झालतं तुले?"

नत्थुजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "चुकलं माणिक, लय चुकलं," एवढंच ते म्हणाले. माणिकबाईनं त्यांना रडू दिलं, थांबवलं नाही. मग तिनं कप त्यांच्याकडे सरकवला.

"पी. थंडा होऊन राहिला. आन् आता मले सांग, तुमच्या कारखान्यात अजून काय काय बनते?"