मशीनमधल्या गड्याला दिलेला हुकूम

बायको जाऊन वर्ष होत आलं, तिची चप्पल अजून दारात आहे, आणि त्या चपलेपायी माझ्या लेकीचं काम बुडता बुडता राहिलं.

आई गेल्यावर मीरा पुण्याहून माझ्याजवळ राहायला आली. काम घरूनच करायची. काम काय, तर कॉम्प्युटरमध्ये एक हुशार गडी आहे, एआय म्हणतात त्याला, तोच ॲप लिहितो. हिनं त्याला शिकवायचं, की तू लिहिलेलं ॲप थेट क्लाउडवर चाललं पाहिजे, मागून कुणी दुरुस्त करत बसायला नको. क्लाउड म्हणजे लांब कुठंतरी भाड्यानं घेतलेली मशीनं, एवढं मला समजलं. (चितेगावच्या कंपनीत मी जन्मभर मशीनंच पुसली, पण ती जागेवर तरी होती.) गड्यासाठी तिनं नियमांची फाइल केली होती. ती वाचल्याशिवाय तो कामाला हात लावत नसे.

सोमवारी तिच्या साहेबाला व्हिडिओवर गड्याचं काम दाखवायचं होतं. पसंत पडलं तर मीरा इथंच राहून काम करणार, नाय तर पुण्याला परत. मी तोंडानं ‘जा खुशाल’ म्हणत होतो आणि तिची रिकामी बॅग माळ्यावर पार मागं सरकवून ठेवली होती.

आदल्या दिवशी तिनं मला मोठा नियम समजावला. तिथलं मशीन कधीपण काढून टाकतात, दुसरं लावतात. म्हणून ॲपनं स्वतःजवळ काय ठेवायचं नाय. फोटो-बिटो सगळं वेगळ्या गोदामात.

“म्हणजे जुन्या मशीनजवळचं सगळं फेकून देतात?”

“व्हय. त्यात काय?”

मी दारातल्या चपलेकडं बघितलं. ती ताटं घ्यायला उठली. ती चप्पल उचलायचा विषय निघाला की मी जेवत नसतो, हे तिला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी ती अंघोळीला गेली. कॉम्प्युटर उघडाच. माइकवर मराठीत बोललं तरी गड्याला कळतं, हे तिनंच मला दाखवलं होतं. मी खुर्ची ओढली आणि त्याला स्वच्छ सांगितलं, “हे बघ, ज्याचं त्यानं जवळ ठेवायचं. आपल्या माणसांचे फोटो लोकांच्या गोदामात कशाला? नियमात लिहून घे.”

‘तुमची सूचना समजली. नियम बदलला आहे,’ पडद्यावर आलं.

ना उलट उत्तर, ना कपाळाला आठी. तिची आई सोडली तर माझं असं कुणीच ऐकलं नव्हतं. मी खूश होऊन चहा ठेवला.

साहेब पडद्यावर आला. मीरानं गड्याला फोटो ठेवायचं ॲप करायला सांगितलं. चहा उकळेपर्यंत त्यानं करून क्लाउडवर चढवलंसुद्धा! साहेबानं नातीच्या बारशाचे फोटो टाकले. झकास दिसले. “आता मशीन बदलून दाखवते,” मीरा म्हणाली. मशीन बदललं आणि बारसं गायब. पाळणा नाय, नात नाय, काय नाय.

मीरा पांढरी पडली. नियमांची फाइल उघडली, तर तिच्या नियमाच्या जागी माझा हुकूम. (गड्यानं तो शुद्ध भाषेत लिहिला होता, लई शोभत होता.) मी स्वयंपाकघरात सटकणार होतो. पण पोरीचा चेहरा बघितला, आता ही बॅग भरणार हे दिसलं, आणि बनियनवरच कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो.

“साहेब, पोरीचं चुकलं नाय. मीच त्या गड्याला तसं सांगितलं. आमच्या घरात काय फेकत नसतात.”

साहेबानं आधी माझ्या बनियनकडं बघितलं. मग म्हणाला, “काका, तुम्ही जवळ ठेवायला सांगितलंत, म्हणूनच ते गेलं. वेगळं ठेवलं असतं तर राहिलं असतं.”

मी आत जाऊन शर्ट घालून आलो.

माणूस बरा निघाला. दुसऱ्या दिवशी परत दाखवा म्हणाला. त्या दिवशी बारसं जागेवर राहिलं आणि मीरा इथंच राहिली. तेवढं झाल्यावर तिनं फाइलीत सगळ्यात वर एक नवा नियम घातला : बाबांनी काही सांगितलं तर ‘हो’ म्हणावं, पण करू नये.

असला नियम कुणी शिकवला, मी विचारलं.

“आईनं,” ती म्हणाली.

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, घर माझ्या हुकमावर चाललंय.