एक ठिपका जास्त

परटाच्या अंगणात बसून त्याची खूण घालण्याची पद्धत बघायला मला फार आवडायचं. बिब्ब्याला सुईने टोचायचं, टोकाला आलेला काळा चीक कपड्याच्या आतल्या कडेवर टेकवायचा आणि वर चिमूटभर ओला चुना लावायचा. ती खूण मग कपडा फाटेस्तोवर जायची नाही. आमच्या घरची खूण होती दोन ठिपके. आमच्या मुर्री गावात पंधरा घरांचे कपडे एकाच भट्टीत जायचे, पण आमची चादर कधी दुसऱ्याकडे गेली नाही.

स्वराज्य येऊन पाचसहा वर्षं झाली होती. मी गोंदियाच्या शाळेत शिकत होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. भाऊ गोंदियात धानाच्या मिलवर कामाला होता. वहिनी दरेकशाकडची. तिचं गाव जंगलाला लागूनच होतं. ती पहिल्या बाळंतपणाहून मुलीला घेऊन परत आली, तेव्हा माय तिला म्हणाली, "आता विहिरीवर धुण्याले वाकू नोको. तुही लुगडी-पोलकी परटाकडे जातीन." माय मनापासून म्हणाली. सुनेचे कपडे परटाकडे देणारी घरं गावात थोडीच होती.

महिन्याभराच्या आतच वहिनीच्या मानेवर मागच्या बाजूला लाल चट्टा उठला. मग बारीक फोड आले, फुटले, पाणी झिरपू लागलं. खाज इतकी की ती भाकर थापता थापता मान भिंतीच्या कोपऱ्याला घासायची. मायने कडुनिंबाचा पाला उकळून लावला, करंजीचं तेल लावलं. चट्टा कानामागे आणि खांद्यावर उतरला.

वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चुलीपाशी मान खाली घालून म्हणाली, "माय, हे बिब्याचं आहे जी. परटाची खूण लागते तेथंच उतते. मी लहान होती तवा बिबे भाजताना धूर लागला, तं माहा सारा चेहरा सुजला होता."

माय क्षणभर थांबली. तिला पटत होतं, हे मी पाहिलं. आणि तेवढ्यात मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं.

"आपल्या साऱ्याइच्या कपड्यावर बिबा आहे," मी म्हणाले. "मंग आमाले काऊन नाही उतत?"

"साऱ्याइले नाही उतत, बाई," वहिनी म्हणाली. "एखाद्यालेच मानवत नाही. आमच्या गावात अशा माणसाले बिबे वेचाले नेतच नाहीत."

मी हसले. शाळेत शिकलेल्या मुलीला जंगलातल्या गोष्टी सांगते, असं काहीसं माझ्या मनात होतं. जेवायला बसलेला भाऊही हसला. मायचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि तो विषय तिथेच संपला. एवढ्याशा तोंडाने मी केवढं काम केलं, ते मला कळायला पुढे वर्षभर लागलं.

मग गावात कुजबुज सुरू झाली. त्या वेळी अंगावर चट्टा दिसला की लोकांच्या मनात एकच शब्द यायचा, महारोग. कोणी तोंडावर म्हणायचं नाही, पण आमच्याकडे हळदीकुंकवाला येणं बायकांनी थांबवलं. वहिनीचं ताट वेगळं झालं, मग अंथरूण वेगळं झालं. मुलगी सात महिन्यांची होती. एका सकाळी मायने तिला वहिनीच्या मांडीवरून उचललं आणि माझ्याजवळ दिलं. "गाईच्या दुधावर राहीन पोरगी," ती म्हणाली. वहिनी रडली नाही. दिवसभर तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला होता, एवढं मला आठवतं.

विहिरीवर कपडे आपले आपण धुते, असं तिने एकदा म्हणून पाहिलं. पण आता तिला विहिरीवर कोण येऊ देणार? तिचे कपडे परटाकडेच जात राहिले, त्याला काही न सांगता. आमच्यात ते मिसळू नयेत म्हणून एक युक्ती काढली गेली. ती युक्ती माझी होती. मी परटाला जाऊन सांगितलं, "वयनीच्या कपड्याले एक ठिपका जास्त घाला." त्याने घातला.

वहिनीला माहेरी धाडलं. मुलगी आमच्याकडेच राहिली. दरेकशाला ती जुन्या चोळ्या घालायची, सासरची चांगली पोलकी पेटीत जपून ठेवायची. तीन आठवड्यांत मान स्वच्छ झाली. तिचे वडील आनंदाने तिला पोचवायला आले, आणि दहा दिवसांत चट्टा पुन्हा फुलला. "इथलं पाणी तिले सोसत नाही," मायने ठरवलं, आणि वहिनी पुन्हा गेली. या वेळी सगळा पावसाळा आणि धानाची कापणी होईपर्यंत ती तिकडेच होती. मुलगी इकडे रांगता रांगता चालायला लागली. पहिला शब्द ती मला बघून बोलली, "माय".

वहिनी परत आली आणि पुन्हा तेच झालं, तेव्हा भावाची सहनशक्ती संपली. मिलवर येणाऱ्या एका व्यापाऱ्याने नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं, जो फक्त कातडीचेच रोग बघायचा. असा डॉक्टर असतो हेच आम्हाला नवीन होतं. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मीही गेले. गाडीत तिरोडा गेलं, भंडारा रोड गेलं, वहिनी पदराने मान झाकून खिडकीशी बसून होती.

डॉक्टर म्हातारे आणि जरा चिडके होते. त्यांनी आधी कापसाचा बोळा तिच्या चट्ट्यावर टेकवला, मग टाचणी हलकेच टोचली, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "कळतंय?" वहिनी डोळे मिटून "हो" म्हणत होती. "महारोग नाही," ते म्हणाले. "त्यात असं कळत नाही." भाऊ खुर्चीत मागे रेलला. मग त्यांनी पोलक्याचा गळा उलटून पाहिला आणि तीन ठिपके दिसताच विचारलं, "हे काय?"

"परटाची खूण," मी म्हणाले.

त्यांनी खुणेचा कापडाचा तुकडा कापला, तो तिच्या एका दंडावर ठेवून पट्टी लावली. दुसऱ्या दंडावर त्याच पोलक्याचा, पण खूण नसलेला तुकडा. "भिजवू नका. दोन दिवसांनी या." आम्ही दोन दिवस धर्मशाळेत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्या काढल्या. साधा तुकडा होता तिथे कातडी जशीच्या तशी होती. खुणेखाली तीन लाल चकत्या उठल्या होत्या, वर बारीक फोड.

मी तेव्हाही विचारलंच, "मग आम्हाला का नाही होत?" डॉक्टर म्हणाले, "एखाद्याच्या कातडीची त्या चिकाशी एकदा गाठ पडली की ती ते विसरत नाही. सगळ्यांचं तसं होत नाही." वहिनीने चुलीपाशी जे सांगितलं होतं, तेच त्यांनी जरा शुद्ध मराठीत सांगितलं. त्यांनी थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, गुलाबी रंगाचं लावायचं औषध दिलं, खाज थांबवणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्या दिल्या. "पण खरं औषध एकच," ते म्हणाले. "खुणेचा एकही कपडा अंगाला लावू नका." मग वहिनीकडे वळून, "किती दिवस हे चाललंय? तुम्हाला कशाचा संशय नाही आला?"

"मी तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं जी," ती म्हणाली.

कोणाला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. तिनेही माझ्याकडे बघितलं नाही.

पुन्हा तिला चट्टा उठला नाही. मायने खुणेची सगळी लुगडी-पोलकी गावाबाहेर नेऊन जाळली आणि परत येऊन वहिनीपुढे बसून रडली. मी रडले नाही, माफीही मागितली नाही. ती वेळ मी टाळत राहिले, आणि अशा गोष्टींची वेळ एकदा टळली की टळतच जाते. वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

पण मला खरं छळतं ते वेगळंच. नागपूरहून आलो त्या दुपारी वहिनीने ओसरीवर बसून दोन्ही हात पुढे केले. मान अजून लाल होती, पण आता तिला कोणी अडवणार नव्हतं. "ये," ती म्हणाली. मुलीने तिच्याकडे पाहिलं, आणि पळत येऊन माझ्या लुगड्यामागे लपली. वहिनीने हात हळूच खाली घेतले. मी मुलीला पुढे ढकलायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला तिथेच राहू दिलं. मला बरं वाटलं होतं.