नारायणगुड्यातला रिकामा डबा

आधीच सांगतो, भूतखेत या प्रकाराशी माझं काही देणंघेणं नाही. इथे ग्रुपवर लोक पांढऱ्या साड्या नि पैंजणांचे किस्से टाकतात, ते वाचून मी आजवर हसत आलोय. आम्ही बौद्ध, असल्या गोष्टी न मानण्याची प्रतिज्ञा घेतलेली माणसं. तरी लिहितोय... कारण एका स्टीलच्या डब्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही.

वेगळं तेलंगण झालं त्या वर्षी माझी नांदेडहून हैदराबादला बदली झाली. मी विमा कंपनीत क्लार्क, बायको सुजाता, मुलगी सहावीत. नारायणगुड्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. शहरात आंध्रवाले कोण नि तेलंगणवाले कोण यावर वाद चाललेले, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र प्रेम नुसतं उतू चाललेलं. सामान वर येत नाही तोच चहा आला. संध्याकाळी पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, दुसऱ्या दिवशी गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी. सुजाता हरखून गेली. मला मात्र हे प्रेम चांगलंच ओळखीचं होतं. आधी डबा येतो, मग आडनावाची चौकशी होते, आणि आडनाव कळलं की डबा यायचा थांबतो.

मी सातवीत असताना नांदेडला आम्ही नव्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो, तेव्हाची गोष्ट. शेजारून आलेल्या डब्यात आईने धपाटे घालून पाठवले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिची रीत. तासाभराने तेच धपाटे त्यांच्या फाटकाबाहेर गाय खात होती. मी पाहिलं, आईनेही पाहिलं. आणि मी आईवरच ओरडलो, "कशाला पाठवतीस? लाज नाही वाटत?" त्यानंतर तिने कुणाला काही पाठवलं नाही. मरेपर्यंत नाही.

म्हणून सुजाताला बजावलं, भांडी रिकामी जातील.

"अहो, रिकामं कसं द्यायचं लोकांना? चमचाभर साखर तरी टाकते."

"काही टाकायचं नाही. आणि परत द्यायला मीच जाणार."

पुलिहोऱ्याचा डबा पहिल्या मजल्यावरच्या सरोजा आंटींचा. जामबागच्या कुठल्याशा शाळेतून रिटायर झालेल्या बाई. मी रिकामा डबा त्यांच्या हातात ठेवला, थँक्यू म्हटलं आणि पायऱ्या चढून आलो. दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टपाशी भेटल्या.

"क्या जी, वो रोटियां कौन बनाए? हमारे साब अकेले तीन खा गए. मेरे कू एकीच मिली."

मला वाटलं, बाईंचा घोटाळा झालाय, किंवा रिकाम्या डब्याबद्दल टोमणा मारतायत. शिकलेल्या लोकांचे टोमणे असेच गोड असतात. मी कोरडं हसलो आणि निघालो.

पुढच्या रविवारी त्यांचा तोच डबा पुन्हा आला, या वेळी उपमा. दुपारी सुजाता मुलीला घेऊन कोटीच्या बाजारात वह्या-पुस्तकं आणायला गेली होती. मी एकटाच घरी. डबा स्वतः घासला, फडक्याने पुसला, आत बघून झाकण लावलं. चार वाजता खाली नेला. डबा हाताला हलका लागत होता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

आंटींनी माझ्यासमोरच झाकण काढलं. आत चार धपाटे होते. वाफ येत होती.

आमच्या घरात तेव्हा ज्वारीचं पीठच नव्हतं... पण मी पिठाचा विचार करत नव्हतो. मी भोकं बघत होतो. आई ओल्या फडक्यावर धपाटा थापून त्यावर अंगठा सोडून बाकीची बोटं एकदम टेकवायची. तिचं मधलं बोट कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेलेलं. त्यामुळे तिच्या धपाट्यावर एक भोक, मग मोकळी जागा, मग दोन भोकं. सुजाता लग्न होऊन आली तेव्हा आई नव्हती. हे तिला मी कधी सांगितलेलंही नाही.

आंटींनी तिथेच, दारात उभ्या उभ्या एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

माझ्या तोंडून नको ते निघून गेलं, "आंटी, हम लोग बुद्धिस्ट हैं. मालूम है ना आपको?"

"पहले दिनीच देखी ना, दरवाजे के ऊपर बुद्ध की फोटो," त्या खाता खाता म्हणाल्या. "आप भी लेव. गरम है."

मी घेतला. तीळ, मेथी, लसूण... आणि जरा जास्त झालेलं मीठ, तिचं नेहमीच व्हायचं तसं. मी त्या बाईंच्या दारात उभा राहून रडलो. त्यांनी पाणी आणून दिलं.

तुमच्यातले हुशार लोक आता स्पष्टीकरणं देतील. आंटींनी स्वतः केले असतील, मला भ्रम झाला असेल. द्या. मी ती सगळी तपासून बसलोय आणि एकही टिकत नाही.

त्यानंतर सुजाता भांडी भरून पाठवायला लागली, आणि ती खरंच खाल्ली जातात. पण एकदा, ती माहेरी गेली असताना, मी मुद्दाम आंटींचा डबा घासून, पुसून, रिकामा खाली नेला.

आंटींनी झाकण काढलं, आतला नुसता चकचकीत तळ बघितला आणि म्हणाल्या, "आज खाली लाए?"

"हो," मी मराठीतच म्हणालो, आणि तसाच उभा राहिलो.