आबांच्या बांधावरचा रस्ता

फोनमधला नकाशा रुसला की आमच्या शिवारातली माणसं माझ्याकडे येत. जळगावला मी एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे गावाच्या लेखी फोन, प्रिंटर, पिठाच्या गिरणीचं मीटर, सगळं मलाच कळतं. आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. कुणाचा निळा ठिपका नाल्यात उभा असायचा, कुणाचा बाण उलटा फिरायचा, बोदवडला निघालेल्या एकाला तर फोन सारखा डावीकडे वळायला सांगत होता आणि डावीकडे रेल्वेचे रूळ होते. मी फोन हातात देऊन हवेत आठचा आकडा काढायला लावायचो, म्हणजे आतलं होकायंत्र ताळ्यावर येतं. लोकेशनची परवानगी तपासायचो, अ‍ॅपमध्ये साठलेला कचरा पुसायचो. केळीच्या बागेत रेंज जाते म्हणून आपल्या भागाचा नकाशा आधीच उतरवून द्यायचो. एवढं करूनही जमलं नाही तर फोन बंद करून परत चालू करायचा. निम्मे आजार त्यानेच जातात.

लोक म्हणायचे, मास्तरच्या हाताला गुण आहे. मीही मान हलवायचो. त्याच हाताने मी काय करून बसलो ते सांगतो.

आमची शेती असोद्याच्या शिवारात. आबांनी, म्हणजे वडिलांनी, हातपाय चालत होते तेव्हाच दोन वाटे करून दिले. गावाकडचा मळा भावाला, त्याच्या मागचा मला. भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. मी त्यांना आजवर अहो-जाहोच करत आलो. दोघांची घरं आपापल्या मळ्यात, आणि दोन्ही घरं जोडणारी बांधाच्या कडेची एक वाट, बैलगाडी जाईल एवढी. ती वाट पूर्ण भावाच्या वाट्यातून जाते. वाटणीच्या कागदावर गट नंबर आहेत, विहीर आहे, मोटर आहे, आंब्याची तीन झाडं आहेत. वाट नाही. कागद लिहिणाऱ्याने विचारलं होतं. आबा त्याला म्हणाले होते, "भावाभावात वाट लिहायची नसते. लिहिली म्हंजे एक दिवस हा ती अडवनार, असं आपनच म्हटलं." तिथे बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे रीतच तशी आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहितात, वाट लिहीत नाहीत.

त्या वाटेवरून सगळ्यांत जास्त कोण चालत असेल तर आमची माय. ती एक महिना भावाकडे राहायची, एक महिना माझ्याकडे. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं काखेत मारायचं आणि निघायचं. दहा मिनिटांचं चालणं. कुणी सोडायला आलेलं तिला खपत नसे. म्हणायची, मी काय परगावी चालली का? डांबरी रस्त्याने माझ्याकडे यायचं तर गावातून नाल्याच्या पुलावर जाऊन मागून फिरून यावं लागतं. तो रस्ता तिने कधी धरलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा धरला. मी फोनवरून गुडघ्याचा पट्टा मागवला. पार्सलवाला पुलावर येऊन थांबायचा, कारण नकाशात माझं घर नाल्यात पडलं होतं. फोन करायचा, मी वर्गात असायचो, तो निघून जायचा. पट्टा दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा मला राग आला. मी, अख्ख्या गावाचे नकाशे दुरुस्त करणारा, आणि माझंच घर पाण्यात?

एका रविवारी दुपारी बसलो. घराची खूण नाल्यातून उचलून जागेवर ठेवली. मग म्हटलं, बसलोच आहोत तर वाटही घालू. वरून घेतलेल्या फोटोत दोन हिरव्या बागांच्या मधली पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. बोटाने ती गिरवली, भावाच्या फाटकापासून माझ्या अंगणापर्यंत आणि पुढे मागच्या डांबरी रस्त्यापर्यंत. अ‍ॅपने विचारलं, पायवाट की रस्ता? पायवाट म्हटलं तर मोटारसायकलला तो मार्ग दाखवत नाही. मी रस्ता म्हटलं. नाव विचारलं तेव्हा, गेलेल्या आबांची आठवण म्हणून, आबांचा रस्ता असं टाकलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं माझ्या, मूर्खासारखं. दोन दिवसांत दुरुस्ती मंजूर झाली, आभाराचा निरोप आला. तो मी बायकोला दाखवला. भावाला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. आपल्याच वाटेचं काय विचारायचं?

पट्टा आला. मायच्या गुडघ्याला बसला. आणि पट्ट्याच्या मागोमाग बाकीचे आले.

पुलाचा फेरा वाचतो हे फोनला कळलं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं. आधी मोटारसायकली आल्या. मग मळ्याचं फाटक उघडून पिकअप गाड्या येऊ लागल्या. एकदा लग्नाला निघालेली, फुलं लावलेली गाडी भावाच्या केळीत रुतली. तेव्हा भाऊ हसले होते. वऱ्हाडाला चहा पाजला, ट्रॅक्टर लावून गाडी काढून दिली. माझ्याकडे येऊन म्हणाले, "मह्या बागेतून वराती जाऊ ऱ्हायल्या रे." मी पण हसलो. माझ्यामुळे जात आहेत हे तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी नंतर सांगू म्हटलं.

ऐन उन्हाळ्यात, भावाच्या बागेची कापणी तोंडावर असताना, एक भरलेला ट्रक त्या वाटेने शिरला. वळायला जागा नाही म्हणून ड्रायव्हरने मागे घेतला आणि ठिबकचा मोठा पाइप दोन ठिकाणी चिरडला. दुरुस्तीचा सांधा जळगावहून येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या उन्हात दोन दिवस बिनपाण्याचे म्हणजे काय ते केळीवाल्यालाच विचारा. भावाने ड्रायव्हरची गचांडी धरली. त्याने गरीबपणे फोन पुढे केला. फोनवर रस्ता होता आणि रस्त्यावर आबांचं नाव.

भाऊ तसेच चिखलाच्या पायांनी माझ्या ओट्यावर आले. "हे कोनं लिहिलं?"

"मी," म्हटलं. "मायच्या पट्ट्यासाठी."

"आबानं लिहेल नव्हतं, ते तू लिहिलं?"

गावात कुणीतरी त्यांचे कान भरले होतेच. आज नकाशात रस्ता आला, उद्या धाकटा तहसीलला वहिवाटीचा अर्ज करणार, परवा तुमच्या बागेतून डांबर जाणार. मला हसू आलं. ते हसू मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. वर्गातल्या पोराला समजवावं तसा मी मोठ्या भावाला समजावायला लागलो: हा काही सरकारी नकाशा नाही, याला तहसीलमध्ये कुणी विचारत नाही, तुम्हाला यातलं कळत नाही.

ते शांतपणे म्हणाले, "मले नाई कळत. पन तुले रस्ता पाहिजे व्हता तं मागायचा व्हता. मी नाई म्हटलं असतं का?"

मी म्हटलं, "काढून टाकतो, आत्ताच."

त्यांच्यासमोर फोन काढला आणि रस्ता काढायची विनंती पाठवली. तपासणी सुरू आहे, असं आलं. आठवडा झाला, पंधरवडा झाला. मग नकार आला: या रस्त्यावरून वाहनं नियमित जातात, सबब रस्ता अस्तित्वात आहे. मी परत पाठवली. खाजगी जागा म्हणून कळवलं, रस्ता बंद म्हणून कळवलं, फाटकाला कुलूप लावलेला फोटो जोडला. पण कुलूप दिवसा उघडावंच लागायचं, मजूर येतात, खताची गाडी येते, तेवढ्यात दोन उपटसुंभ आत शिरायचे आणि त्यांच्या खिशातले फोन वर कळवायचे की रस्ता चालू आहे. क्लासमधल्या पोरांना मी एक तास फुकट दिला, सगळ्यांच्या फोनवरून एकच तक्रार करायला लावली. तीही गेली केराच्या टोपलीत. ज्याच्या हाताला गुण आहे म्हणत होते, तो मी अंगणात उभा राहून हवेत आठचे आकडे काढत होतो.

भावाला दर आठ दिवसांनी सांगायला जायचो. फोनवर इंग्रजीत आलेला नकार वाचून दाखवायचो. ते ऐकून घ्यायचे. शेवटी म्हणाले, "टाकायले दोन दिवस अन् काढायले चार महिने? मले येडा समजतो का?" मी आबांची शपथ घेतली. त्यांनी तोंड फिरवलं.

पोळा झाल्यावर त्यांनी जेसीबी बोलावला आणि बांधाच्या वाटेवर, माझ्या हद्दीच्या हातभर पलीकडे, आडवा चर मारला. कमरेएवढा खोल. मशीनचा आवाज मी माझ्या ओट्यावर बसून ऐकला. उठून गेलो नाही. जाऊन काय म्हणणार होतो? चर त्यांच्याच वाट्यात होता. कागद त्यांच्या बाजूने होता आणि आबांचा शब्द मी आधीच मोडला होता.

माय त्या महिन्यात भावाकडे होती. अमावास्या झाली. सकाळी ती गाठोडं घेऊन निघाली, गुडघ्याला तोच पट्टा. मी चराच्या अलीकडे उभा होतो. ती पलीकडच्या काठाशी आली, खाली बघितलं, मग माझ्याकडे. मागून भाऊ आले. म्हणाले, "माय, मोटारसायकलवर सोडतो मी तुले, पुलावरून." मीही म्हटलं, रिक्षा आणतो. त्या एका गोष्टीत आम्हा दोघांचं एकमत होतं.

माय म्हणाली, "पुलावरून पाहुने येतात. मी अठूनच जात व्हती."

तिने गाठोडं काठावर टेकवलं. दोघांपैकी एक जण काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असावं. भाऊ मोटारसायकलची किल्ली चाचपत होते. मी फोनमध्ये रिक्षावाल्याचा नंबर शोधत होतो. दोन फावडी आणि अर्धा दिवस लागला असता तो चर बुजवायला. ती वळली आणि गाठोडं घेऊन परत गेली.

तेव्हापासून ती भावाकडेच आहे. तिला भेटायला मी पुलावरून जातो. वहिनी चांगल्या आहेत, माझ्यासमोर चहा ठेवतात, पण आता ट्रेमधून आणतात, पाहुण्यांच्या कपात. भाऊ केळीचे भाव बोलतात. मी पावसाचं बोलतो. जायची वेळ झाली की माय विचारते, निघाला का? आणि मी हो म्हणतो.

गेल्या आठवड्यात मी वर्गात असताना निरोप आला. तुमची दुरुस्ती मंजूर झाली आहे, रस्ता नकाशातून काढला आहे, आपल्या योगदानाबद्दल आभार. मी उघडून बघितलं. आबांचं नाव नव्हतं, रेघ नव्हती, दोन बागांच्या मध्ये सलग हिरवं. माझ्या तक्रारींनी हे झालं नव्हतं. चर खोदल्यापासून तिथून एकही फोन गेला नव्हता, एवढंच.

क्लास सोडला आणि थेट भावाकडे गेलो. काय वाटत होतं मला? फोन बघितला की ते म्हणतील, चल, फावडं आण. खरंच तसं वाटत होतं. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि मोटारसायकलवर गाणं गुणगुणत गेलो.

भावाने चष्मा लावला, फोन लांब धरून बराच वेळ बघितला. "गेला," म्हणाले. "बरं झालं." फोन परत दिला आणि मोटर बंद करायला उठून गेले.

माय बाजेवर बसली होती. म्हणाली, "काय दाखवलं रे त्याले?"

"नकाशा, माय. बरोबर झाला आता."

"मंग मले सांग, अठून तुह्या घरी कसं जायचं म्हने तो?"

मी भावाचं घर टाकलं, माझं घर टाकलं. फोन बोलायला लागला: गावाकडे वळा, सरळ जा, पुलावरून उजवीकडे. माय मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने विचारलं, किती झालं. मी सांगितलं, सहा किलोमीटर.

"सहा," ती म्हणाली. पट्टा सोडून तिने उशाशी ठेवला आणि गुडघा चोळत बसली. "एवढ्या दूर नाई रे होनार मह्याच्यानं. तूच येत जाय."

मी फोन खिशात घातला आणि पुलावरून घरी आलो. नकाशात आता एकही चूक नव्हती.